आजींची पहिली पन्नास वर्षं कोण सांगणार?

तुम्ही लिहिलंय की आजी गेल्या महिन्यात ९३व्या वर्षी गेल्या, वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायचीय, घरातल्या सगळ्यांना लिहायला सांगितलं तर सगळ्यांकडून तेच तेच आलं, फार प्रेमळ होती, खूप कष्ट काढले, आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही, आणि त्यापुढे कोणाला काही सुचत नाहीये. हाताशी थोडे फोटो आणि एक पत्र्याची पेटी आहे. मी मुंबईत बरीच वर्षं घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करते आणि त्याची पुस्तकं करून देते, लालबाग-परळ-शिवडीकडची घरं त्यात जास्त, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

सगळ्यांकडून तेच आलं याचं कारण सोपं आहे. तुम्ही नातवंडं, तुम्ही आजींना पाहिलंत ते डोंबिवलीच्या फ्लॅटमधे, शेवटची वीस-पंचवीस वर्षं. तुमच्या बाबांना आणि आत्याला त्याच्या आधीचं थोडं माहितीय, पण तेही मुलांच्या नजरेतून, आई म्हणून. सतरा-अठराव्या वर्षी मालवणकडून लग्न होऊन मुंबईत आलेली मुलगी, दिराच्या आणि गावच्या पुरुषांच्या गर्दीत लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडणारी बाई, खानावळ चालवणारी पस्तिशीतली बाई, ह्या आजी तुमच्यापैकी कोणी पाहिलेल्याच नाहीत. पुस्तिकेत त्या यायला हव्यात, आणि त्या फक्त त्यांच्या बरोबरीच्या माणसांकडे शिल्लक आहेत. म्हणून घरच्यांचे लेख गोळा करणं आता थांबवा, ते पुढच्या सहा महिन्यांत कधीही होतील. आजींची धाकटी बहीण, नणंद, जाऊ, चाळीतल्या शेजारणी, खानावळीत जेवणारे गाववाले, यातलं कोण हयात आहे त्याची यादी आज करा आणि वयाने सगळ्यात मोठं जे माणूस असेल त्यांच्याकडे येत्या रविवारी जा. फोनवर नको, समोर बसून.

गेल्यावर "आजींबद्दल काहीतरी सांगा ना" असं मात्र विचारू नका. या प्रश्नाला कोणीही "फार चांगली होती गो" एवढंच म्हणणार, त्यांचा दोष नाही. वस्तूबद्दल, जागेबद्दल, पैशाबद्दल, पाण्याबद्दल विचारा. माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे कागद-पेन्सिल पुढे ठेवायची आणि म्हणायचं, खोली काढून दाखवा ना. एका घरी पंच्याऐंशीच्या पुढच्या एक मावशी होत्या, बराच वेळ नुसत्या हो-नाही करत होत्या, सून मधेमधे उत्तरं देत होती. कागद हातात दिला तर आधी म्हणाल्या मला नाय येत, मग हळूच एक चौकोन काढला, कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी पिंप, पिंपावर फळी, फळीवर डबे, आणि बोट ठेवून सांगायला लागल्या की इथे स्टोव्ह, इथे कॉट, कॉटवर सासरे, कॉटखाली आम्ही दोघं, दीर बाहेर गॅलरीत, आणि बाळंतीण असली की मधे लुगडं बांधायचो. मग पाणी पहाटे यायचं, दोन हंडे कोणाचे आधी यावरून रोज भांडण, पण त्याच भांडणाऱ्या बाईने माझ्या मुलाला स्वतःचं दूध पाजलं. हे सगळं त्या एका चौकोनातून निघालं. सुनेने तीस वर्षांत यातलं काही ऐकलेलं नव्हतं. तो कागद फेकू नका, तारीख घालून तसाच स्कॅन करून पुस्तिकेत छापा, त्याच्याइतकं बोलकं चित्र दुसरं मिळणार नाही.

रेकॉर्डिंग साध्या फोनवर चालतं. फ्लाइट मोड लावा, पंखा बंद करता आला तर करा, किचनचं दार लोटा कारण कुकरची शिट्टी नेमकी महत्त्वाच्या वाक्यावर येते. पाऊण तासाच्या वर बसवू नका, दमतात. आधी एकट्या-दुकट्याला भेटा आणि मग जमलं तर दोघी म्हाताऱ्यांना एकत्र बसवा, त्या एकमेकींना अशा काही दुरुस्त करतात की तुम्हाला प्रश्न विचारायलाच लागत नाहीत. आणि त्या गप्प झाल्या तर तुम्हीही गप्प राहा. लगेच पुढचा प्रश्न टाकायची सवय आपल्याला असते, पण खरी गोष्ट बऱ्याचदा त्या गप्प बसण्यानंतरच येते.

आता साल-तारखा. म्हाताऱ्या बायकांना साल सांगता येत नाही म्हणून लोक वैतागतात, पण त्यांना काळ बरोबर आठवत असतो, फक्त तो त्यांच्या खुणांनी आठवतो. त्या खुणा तुम्हाला माहिती पाहिजेत. गोदीत स्फोट झाला म्हणाल्या तर तो १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारी चारच्या सुमाराला. रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येच्या दिवशी. गांधीहत्या ३० जानेवारी १९४८. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५, आणि महाराष्ट्र झाला तो १ मे १९६०. "आणे होते तेव्हा" म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधी, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले, अर्थात जुनी नाणी काही काळ चालत होती तेव्हा वर्षभर इकडेतिकडे धरा. ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४ ला. पहाटे भांडी हलली, भूकंप झाला, म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. मुंबईत टीव्ही सुरू झाला २ ऑक्टोबर १९७२. गिरण्यांचा मोठा संप १८ जानेवारी १९८२ पासून. पाणी भरलं तो दिवस २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. ब्लॅकआऊट म्हणाल्या तर सावध राहा, १९६५ आणि १९७१ दोन्ही वेळी काचांना कागद लावलेले, तेव्हा कडेवर कोण होतं ते विचारा, मुलाच्या वयावरून युद्ध कुठलं ते कळतं.

तुमच्या आजी मालवणकडून आल्या म्हणजे त्या काळात बहुतेक बोटीनेच आल्या असणार, ते आधी पक्कं करा. किनाऱ्यावरून पडावाने, म्हणजे होडीने, बोटीपर्यंत जायचं आणि मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरायचं. दक्षिण कोकणची ही बोट पावसाळ्यात बंद असायची, त्यामुळे "लग्नानंतर पहिल्यांदा बोटीने आले" एवढं जरी कळलं तरी ती वेळ पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंतची, हे धरून चालता येतं. बोट लागली का, म्हणजे उलट्या झाल्या का, बरोबर काय सामान होतं, धक्क्यावर घ्यायला कोण आलं, तिथून लालबागला कशाने गेल्या, ट्रामने की चालत, हे बहिणीला विचारा. माहेरी पहिल्यांदा परत गेल्यावर मुलगी हेच सगळं सांगते, आणि धाकटी बहीण ते आयुष्यभर विसरत नाही.

जन्मतारखेबद्दल एक सांगते. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली असण्याची शक्यता जास्त, शाळा जूनमधे सुरू व्हायची आणि नाव घालताना तारीख माहीत नसली की १ जून टाकायचे. आधारवर १ जानेवारी असेल तर तिथेही तसंच, फक्त साल माहीत होतं. खरी तारीख घरात कोणालातरी तिथीने माहीत असते, "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची" अशी. जुन्या पत्रिकेत किंवा वहीत शके दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, फक्त पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर जानेवारी उलटलाय का बघून ७९ करावे लागतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकला घराण्यातलं कोणी जाऊन आलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नावं मिळू शकतात, पण तिथे पुरुषांची नावं नीट आणि बायकांची तुटकच सापडतात.

आणि म्हणूनच आजींचं माहेरचं नाव आधी शोधा. तुम्हाला माहितीय का ते? बहुतेक नातवंडांना नसतं. लग्नात नाव बदललं, ताम्हणातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि जुन्या नावाने हाक मारणारं मुंबईत कोणी उरलं नाही. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ते नाव यायला पाहिजे, आईवडिलांच्या आणि गाव-वाडीच्या नावासकट. माझ्या कामात या एका गोष्टीवर मी अजिबात मागे हटत नाही.

पेटीत काय आहे ते एकेक करून बघा. जुनं रेशन कार्ड असेल तर सोन्यासारखं जपा, मुंबईत रेशनिंग १९४३ पासूनचं, आणि त्या कार्डावर घरात खरोखर कोण कोण राहायचं ते कळतं, ज्यांचा कधी उल्लेखच होत नाही असे चुलत दीर, भाचे, आत्येभाऊ तिथे नावासकट सापडतात. आजोबा गिरणीत होते म्हणताय तर म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी फॉर्म भरला होता का विचारा. त्या फॉर्मसाठी हजारो कुटुंबांनी तिकीट नंबर, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, पीएफचे कागद, हजेरीची कार्डं, सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमधे लावून ठेवलंय. कुठलं खातं, साचेखातं (विणकामाचं) की त्रासन (सूतकताईचं), बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, कधी लागले, कायम कधी झाले, हे त्यातून निघतं, आणि आजोबांची पाळी कळली की आजींचा दिवस कळतो, कारण घरातली झोप, जेवण, मुलांना गप्प बसवणं, सगळं पाळीवर चालायचं.

फोटोंचं थोडक्यात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, फाटतो, पानासकटच स्कॅन करा किंवा खिडकीजवळ उजेडात वरून सरळ फोटो घ्या. ६०० डीपीआयला स्कॅन केलंत की छोटा फोटोही पानभर छापता येतो. लॅमिनेशन कधीच करू नका, ते परत निघत नाही. मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने कडेला हलकं लिहा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही स्कॅन करा, जागा कळते. लग्नाच्या व्हिडीओ कॅसेट असतील तर त्या आधी डिजिटल करायला टाका, मुंबईच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. ग्रुप फोटो घेऊन त्या वयस्कर माणसांकडे जा आणि डावीकडून नावं विचारत या, बोलणं रेकॉर्ड होत असतानाच.

खानावळीबद्दल मात्र खोलात जा. तुम्ही एका ओळीत उरकलंय, "खानावळ चालवून घराला हातभार लावला", आणि मला वाचताना तिथेच थांबावंसं वाटलं. गिरणगावातले कितीतरी पुरुष बायकामुलं गावी ठेवून गावकीच्या खोल्यांमधे राहायचे आणि अशा बायकांच्या हातचं दोन वेळ जेवायचे. तीन पाळ्या, म्हणजे जेवणाच्याही वेळा तीन. किती जण जेवायचे, भाकरी की चपाती, मासे आठवड्यातून किती वेळा, बाजार कोण करायचं, उधारी कोणाची थकायची, पैसे पगार झाला की मिळायचे तर महिनाभर वाण्याकडे कोणाच्या भरवशावर चालायचं, मे महिन्यात मिरच्या कुठे वाळत घालायच्या आणि कुठल्या डंकावर कुटून आणायच्या, हे सगळं विचारा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मधे अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आजी त्यात होत्या का, कधी कर्ज घेतलं होतं का, पेटीत एखादं पासबुक आहे का बघा. आणि मग ८२चा संप. आजी तेव्हा पन्नाशीच्या. घरातला पगार बंद आणि जेवणारेही संपावर, म्हणजे दोन्हीकडून पैसा आटला. काही गावी निघून गेले, उधारी तशीच राहिली. त्या वर्षी घर कसं चाललं? मंगळसूत्र गहाण पडलं का, आत्याची शाळा सुटली का, आजींनी दुसरं काय काम धरलं? तुमचे बाबा तेव्हा मोठे होते, त्यांना हे माहीत असणार आणि बहुधा त्यांनी ते कधी बोलून दाखवलेलं नसणार. त्यांना एकट्याने विचारा, सगळ्यांसमोर नको.

इथूनच अवघड भाग येतो. त्या पिढीतल्या बाईला किती मुलं झाली असं विचारलं की घरचे हयात असलेल्यांचा आकडा सांगतात. तुम्ही बाळंतपणं किती असं विचारा. बऱ्याच घरी एखादं मूल गेलेलं असतं, गोवराने, तापाने, नाहीतर जन्मतःच, आणि त्याचं नाव फक्त आईला आणि तिच्या बहिणीला माहीत असतं. ते कळलं तर त्याचं नाव पुस्तिकेत घाला, एका ओळीत, मुलांच्या क्रमात जिथे येतं तिथे. घरच्यांना सांगून घाला. त्यावरून आढेवेढे होतील पण मी पाहिलंय, छापून आल्यावर सगळ्यात जास्त वेळ लोक त्याच ओळीवर थांबतात.

खोलीच्या पागडीवरून झालेली भांडणं, कोणाचं दुसरं लग्न, दारू, यातलं काय घ्यायचं ते हयात माणसं ठरवतील. ज्याच्याबद्दल आहे तो किंवा त्याची मुलं नको म्हणाली तर गाळा, रेकॉर्डिंगमधे राहू दे. पण खोटं लिहू नका. दोन भावांनी एकाच प्रसंगाचं दोन तऱ्हांनी सांगितलं तर दोन्ही नावानिशी द्या, मधलं काहीतरी तयार करू नका.

लिहिताना विशेषणं काढून टाका आणि आजींची भाषा तशीच ठेवा. त्या मालवणी बोलत असतील तर "मला काही माहीत नाही, तू जेवलास का ते सांग" असं शुद्ध करून लिहिलंत की त्या त्यातून निघूनच जातात. "माका काय ठावक नाय, तू जेवलंस काय ता सांग" हेच छापा. घरात कोणाला तरी त्यांच्या म्हणी, शिव्या, मुलांना मारायच्या हाका पाठ असतील, त्याचं एक वेगळं पान करा. जेवणाच्या कृतीही त्यांच्या मापात, वाटी-मूठ-चिमूट, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सुनेकडून करून घ्या आणि करताना शेजारी उभं राहून लिहून घ्या, कारण सांगताना ती हमखास एखादी पायरी सोडते.

आजारपण आणि शेवटचे दिवस अर्धं पान पुरे. सगळ्यांच्या मनात सध्या तेच ताजं आहे म्हणून ते पसरत जातं आणि ९३ वर्षांच्या आयुष्यात हॉस्पिटलचे दोन आठवडे सगळ्यात मोठे होऊन बसतात. ते लिहायचंय त्यांना लिहू द्या, मोकळं होतं माणूस, पण छापताना आखडा.

छपाईचं म्हणाल तर अठ्ठेचाळीस पानांच्या आसपास ठेवा, मधे पिन मारायची असेल तर पानं चाराच्या पटीत लागतात. अक्षर मोठं ठेवा, वाचणारे बरेचसे सत्तरीपुढचे असणार. तुम्ही युनिकोडमधे टाईप कराल आणि छपाईवाले ते त्यांच्या जुन्या फॉन्टमधे फिरवतील, त्यात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून प्रूफ फॉन्ट बदलल्यानंतरचं वाचा, आधीचं नाही, आणि नावं दोन माणसांनी वेगवेगळी तपासा. ज्यांनी ज्यांनी बोलून दिलं त्या प्रत्येकाला एक प्रत, मालवणच्या घरी दोन, आणि रेकॉर्डिंगच्या फाईल दोन वेगळ्या ठिकाणी, एक पेनड्राईव्हवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी.

शेवटची दोन पानं कोरी सोडा. पुस्तिका घरोघर गेली की फोन येतात, अरे ही तर आमच्या खोलीसमोरची, हिच्याकडे माझे वडील जेवायचे, हिचा फोटो आमच्याकडे पण आहे. ते येणारच आहेत हे धरून चाला, त्यासाठी आत्ताच एक वेगळा फोल्डर करा आणि मागच्या कव्हरवर आत्याचा किंवा तुमचा, जो फोन दुपारी उचलला जातो तो नंबर द्या, कारण म्हातारी माणसं दुपारीच फोन करतात.